एक उणे

१

आमच्या विभागात सकाळचा उजेड पायरीपायरीने येतो. आधी तो समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर क्षणभर टेकतो. मग आमच्या खिडकीच्या वरच्या तावदानात उतरतो. ते तावदान फार जुने आहे. नदीपलीकडच्या कारखान्यात काच अजून हाताने ओढली जात असे, त्या काळातले. त्यात पाण्यासारख्या बारीक लाटा आहेत आणि त्यांतून आत येताना उजेड थोडा डुलतो. भिंतीवर विभागप्रमुखांच्या नावांची लाकडी फळी आहे. तिच्यावरून तो खाली सरकतो, कपाटांच्या पितळी कड्यांना एकेक करून जागे करतो आणि नवाला दहा कमी असताना मामांच्या टेबलाच्या डाव्या कडेशी येऊन थबकतो. तेथून मामांच्या हातापर्यंत पोहोचायला त्याला पाच मिनिटे लागतात. हाताला ऊब लागली की मामा हात बाजूला घेत आणि म्हणत, “चला, सरकारी सूर्य उगवला.”

एकदा मी त्यांना म्हणालो होतो, की निदान या उजेडावर तरी कोणाची मालकी नसते.

“काचेवर असते,” ते म्हणाले होते. “त्या कारखान्याचे निम्मे समभाग परदेशात आहेत, लेका. तू निम्म्या परक्या उजेडात बसला आहेस.”

त्या दिवशी उजेड हातावर चढला, मनगटावर गेला, बाहीत शिरला. आणि हात हलला नाही.

मी दारातच उभा होतो. हात हलेल म्हणून वाट पाहत होतो, असे मी नंतर सर्वांना सांगितले. हाताखाली एक चिठ्ठी होती. अक्षरे मोठी, एकमेकांवर चढलेली: ‘छेद माझा. चूक माझी. पत्रक मागे घ्यावे.’ शेजारी यंदाच्या हिशेबाची फाईल उघडी होती. तिच्यात अकरावे पान होते, तेरावे होते. बारावे नव्हते.

साहेब आले. त्यांनी मामांच्या कपाळाला हात लावला, मग चिठ्ठी वाचली, आणि ती घडी घालून खिशात ठेवली. “ही वेळ नव्हे,” ते मला म्हणाले.

मी मान हलवली.

२

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, आणि कार्यालयात माझे वरिष्ठ, आमच्या विभागाचे प्रमुख. आम्ही दोघे मिळून वर्षाकाठी एक आकडा तयार करत असू. देशातल्या कंपन्यांचे जे समभाग परदेशी लोकांच्या हातात आहेत, त्यांचे मूल्य अंशस्थानी. देशाचे वर्षभराचे उत्पन्न छेदस्थानी. आणि उत्तर शेकड्यात. बस, एवढेच. बाकीचे कार्यालय आम्हाला ‘परक्यांचा विभाग’ म्हणत असे. मामा म्हणत, “आकडा वाढला की लोक अंशाकडे बोट दाखवतात. पण छेद आटला तरी आकडा फुगतो. घरात भूत मोठं झालं की खोली लहान झाली, हे आधी बघावं.”

हा आकडा साठाच्या वर गेला, तर परदेशी माणसाला नवे समभाग विकण्यास बंदी येते, असा कायदा आहे. आदल्या वर्षी तो ५७ होता. यंदाच्या पत्रकात ६९ छापून आला. पत्रक निघाले त्याच्या दुसऱ्या सकाळी मामा गेले. चौथ्या दिवशी बंदी लागू झाली. काच कारखान्याचे उरलेले समभाग घ्यायला एक परदेशी मालक तयार होता. तो सौदा मोडला. पिढ्यान्‌पिढ्या न विझलेली भट्टी विझली, आणि आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या धुराड्यावर पक्षी बसू लागले.

पंधरवड्याने दुसऱ्या एका खात्याने सर्व कंपन्यांकडून माहिती मागवून हिशेब पुन्हा मांडला. खरे उत्तर ५९ होते.

आता शुद्धिपत्र काढणे भाग होते आणि त्यात चुकीचे कारण देणे कायद्याने आवश्यक होते. साहेबांनी चिठ्ठी तेव्हा बाहेर काढली. त्यांनी ओळही तयार ठेवली होती: ‘दिवंगत विभागप्रमुखांच्या हातून घडलेल्या गैरप्रकारामुळे’. फळीवरचे मामांचे नाव खरवडायला सुतारही सांगून ठेवला होता.

मामी मला एवढेच म्हणाल्या, “त्यांचं नाव तेवढं फळीवर राहू दे रे. मला दुसरं काही नको.” मग मामांच्या खिशात सापडलेले चष्म्याचे घर त्यांनी माझ्या हातात ठेवले. “हे तुझ्याजवळ असू दे. शेवटी शेवटी तूच त्यांचे डोळे होतास.”

ते घर मी तेव्हापासून खिशात बाळगत होतो. ते जड नव्हते. पण रिकामे असल्यासारखे वाजतही नव्हते. मी ते उघडले नव्हते.

शुद्धिपत्र छापण्यापूर्वी सरकारी छापखान्याने आपला माणूस पाठवला. माणूस म्हणजे एक बाई. तीस वर्षे प्रुफे तपासून डोळ्यांखाली दोन शाईच्या रंगाच्या रेघा उमटलेल्या, हातात कापडी पिशवी. छापखान्यात त्यांना ‘काना-मात्रा बाई’ म्हणत.

“गुरुवारी छपाई आहे,” त्या साहेबांना म्हणाल्या. “आज मंगळवार. कारणाची ओळ तपासल्याशिवाय मी सोडत नाही.”

“कारण उघड आहे. चिठ्ठी आहे त्यांची.”

“चिठ्ठीत ‘छेद माझा’ असं आहे. हो ना? मग हे बघा.” त्यांनी पिशवीतून ६९ चे पत्रक काढून मागचे पान उलटले. अंशाचे आकडे गोपनीय असतात, पण छेद दरवर्षी छापला जातो. “हा छेद, आणि हा दुसऱ्या खात्याने काढलेला. शेवटच्या अंकापर्यंत सारखा आहे, साहेब. छेदात चूक नव्हतीच.”

साहेबांनी दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवले.

“चुकीलाही आईबाप असतात,” बाई म्हणाल्या. “अनाथ चूक मी अजून पाहिलेली नाही. मरायच्या आधी हा माणूस दुसऱ्याचं पोर आपलं म्हणून सांगून गेला. ते कोणाचं, एवढंच मला शोधायचंय.”

३

त्यांनी चौकशीला मामांचीच खोली निवडली, आणि मला कोपऱ्यात बसवून ठेवले. “भाचेबुवा, तुम्ही कागद द्या-घ्यायला असा.”

मी कागद देत-घेत राहिलो. पण मामा गेल्यापासून रोज सकाळी, उजेड टेबलाशी आला की, मला रिकाम्या खुर्चीतून एक शब्द ऐकू येई: “पुढे.” आमच्या पद्धतीत मामा आकडा बोलत आणि मी स्वच्छ प्रतीत लिहीत असे. मग मी लिहिलेले वाचून दाखवी, ते आपल्या कच्च्या पानावर बरोबरची खूण करत आणि म्हणत, “पुढे.” याला आम्ही बोलताळा म्हणत असू. बोललेले आणि लिहिलेले जुळले की आकडा पक्का. मामा गेले, तरी तो शब्द गेला नव्हता.

प्रथम साहेब आले.

“परदेशी मालकीविरुद्ध तुम्ही वीस वर्षं लिहिताय,” बाई म्हणाल्या. “सत्तावन्नवरून एका वर्षात एकोणसत्तर. बारा अंकांची उडी. तपासावंसं वाटलं नाही?”

“आकडा विभागाकडून आला. मी सही केली.”

“आवडता पाहुणा आला, की घड्याळ कोण बघतंय! बरं. आणि चिठ्ठी? ‘मागे घ्यावे’ असं लिहिलेली चिठ्ठी पंधरा दिवस तुमच्याकडे होती. ती त्याच दिवशी बाहेर आली असती, तर भट्टी विझली नसती.”

साहेबांचा चेहरा उतरला. “तुमच्या भाचेबुवांनीही ती वाचली होती,” ते म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्याने मला अधिकच अवघडल्यासारखे झाले.

नंतर दलाल आले. पांढरे बूट, तोंडात पेपरमिंट. मामांकडे ते वर्षानुवर्षे येत; म्हणून लोक कुजबुजत होते, की आकडा त्यांनी विकत घेतला.

“बाई, माझ्यावर संशय? बंदीनंतर काच कारखान्याचे समभाग मी कवडीमोलाने घेतले, कबूल. पण वीज पडल्यावर कोळसे गोळा करणाऱ्याने वीज पाडली असं होत नाही.”

“आधीचे व्यवहार दाखवा.”

त्यांनी वही पुढे केली. बाई वाचत गेल्या आणि हसल्या. “पत्रकाच्या दोन दिवस आधी तुम्ही तेच समभाग चढ्या भावाने घेतलेत.”

“मग? हात पोळले माझे! नंतरचे घेतले ते त्या फोडांवर फुंकर म्हणून.”

“आकडा ठाऊक असणारा माणूस आधी विकतो. जा तुम्ही.” दलाल दारात थांबून माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, “भाचेराव, मामा माझा सज्जन होता हो. माझी पेपरमिंटसुद्धा त्याने कधी खाल्ली नाही.”

शेवटी टंकलेखिका ताई. तिचा भाऊ त्याच भट्टीवर कामाला होता.

“मी काय करणार? स्वच्छ प्रतीत जे दिसलं ते बडवलं,” ती म्हणाली. “प्रत याच्या अक्षरात असते. सुंदर अक्षर आहे हो याचं, गाढवाचं.”

“पत्रक आलं त्या दिवशी काय झालं?”

“संध्याकाळी सुटायच्या वेळी गठ्ठा आला. मामांनी एक पत्रक हातात घेतलं आणि मला म्हणाले, ‘ताई, वाच बरं.’ मी वाचलं, एकोणसत्तर. ‘किती?’ म्हणाले. पुन्हा वाचलं. तीनदा विचारलं त्यांनी. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.” तिचे डोळे भरून आले. “मग कितीतरी वेळ याच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसले. हा लवकर गेला होता त्या दिवशी.”

“पत्रक त्यांच्या हातात होतं, आणि तरी वाचून घेतलं?”

ताई डोळे पुसत उठली. मी समोरचे कागद सारखे करू लागलो.

ती गेल्यावर बाई सहज म्हणाल्या, “मागच्या वर्षीची फाईल लागेल मला. एकोणतीस नंबरच्या कपाटात आहे म्हणे.”

मी बोळात गेलो. कपाटांवर रंगाने आकडे घातले आहेत. मन थाऱ्यावर नव्हते. मामा ‘पुढे, पुढे’ म्हणत पाठीमागून येत आहेत असे वाटत होते. ३९ चे दार नेहमी अडकते, ते दोन्ही हातांनी ओढले, वरची फाईल घेतली आणि आणून दिली. बाईंनी तिच्यावर लिहिलेले नाव वाचले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि फाईल उघडलीच नाही.

“भाचेबुवा,” त्या म्हणाल्या, “स्वच्छ प्रतीत ६९ कसे आले?”

“मामांनी सांगितलं ते मी लिहिलं,” मी म्हणालो. हे वाक्य मी सर्वांना सांगत आलो होतो.

४

बुधवारी सकाळी मी पोहोचलो तेव्हा बाई उजेडात बसल्या होत्या. फाईल त्यांनी उलगडून ठेवली होती.

“ही दोरी बघा. टोकाला पत्र्याची नळी असते, ती भोकातून काढली की पान अलगद सुटतं. बारावं पान तसं सुटलेलं नाही, ओढून फाडलंय. भोकांभोवतीचे कपटे अजून दोरीत आहेत. चोराला घाई असते म्हणावं, तर बाकी एकही पान चुरगळलेलं नाही. हलक्या हाताने, चाचपडत फाडलंय. ज्याला नळी दिसली नाही, अशा माणसाने.”

मी दोरीतल्या कपट्यांकडे पाहत राहिलो.

“त्यांना दिसत नव्हतं. हो ना?”

माझ्या ओठांवर आलेले ‘छे’ तेथेच विरले. त्यांनी खण ओढला. मामांचा चष्मा तेथे होता, काचांवर महिन्यांची धूळ.

“चष्मा उपयोगाचा राहिला नव्हता, म्हणून खणात टाकला. आणि घर मात्र खिशात घेऊन गेले. तुमच्या मामी म्हणाल्या, ते तुमच्याजवळ आहे.” त्या थांबल्या. “चष्मा इथे आहे, भाचेबुवा. मग घरात काय आहे?”

खिशातला हात बाहेर काढायला मला फार वेळ लागला. झाकण उघडले तेव्हा टक् असा आवाज झाला. मामा पूर्वी रोज सकाळी करत तोच. आत कागदाची आठ पदरी घडी होती.

बारावे पान. जाड शिसपेन्सिलीने काढलेले बोटभर उंचीचे आकडे, ओळ सोडून तिरके गेलेले. सर्वांत खाली उत्तर: ५९. आणि त्याच्यापासून बोटभर दूर, कोऱ्या जागेत पडलेली बरोबरची खूण.

“म्हणजे त्यांनी उत्तर बरोबर काढलं होतं,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. “मग... मग कोणीतरी प्रत बदलली असेल.”

“प्रत मी भिंगाखाली बघितली. खाडाखोड नाही, एकाच शाईचा, एकाच दमातला आकडा आहे.” बाई हळू बोलत होत्या, जसे आजाऱ्याशी बोलतात. “आणि खूण बघा. तुमच्या बोलताळ्यात खूण कधी होते? लिहिणाऱ्याने परत वाचून दाखवल्यावर. म्हणजे ते ‘एकोणसाठ’ बोलले, आणि त्यांना परतही ‘एकोणसाठ’च ऐकू आलं. मधल्या मध्ये कागदावर मात्र ६९ उमटले. जाताना चूक ज्या दाराने गेली, त्याच दाराने परत आली. म्हणून कोणाला दिसली नाही.”

“असं कसं होईल?”

त्यांनी काल मी आणलेली फाईल पुढे सरकवली. तिच्यावर लिहिले होते: ‘बंदरांवरील दिव्यांचे तेल’.

“मी एकोणतीस म्हणाले होते.”

५

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा मला उजळणी शिकवत. बाकी सगळे आकडे मला येत. ‘एकोण’ आला की मी घसरत असे. एकोणतीस म्हटले की कानात ‘तीस’ राही आणि हात आधी ३ काढी, मग ९. एकोणसाठ म्हटले की ६, मग ९. आणि ६९ समोर आले की तोंडातून पुन्हा एकोणसाठच निघे. मामा पाटीवर टिचकी मारत. “अरे गाढवा, एकोण म्हणजे एक ऊन! एकाने कमी! अजून साठ झालेले नाहीत. दारात एक पाहुणा यायचा राहिलाय. तो येईपर्यंत साठाच्या घरात शिरायचं नाही.” पुढे मी मोठा झालो. आकडा आला की मनाशी ‘पाहुणा यायचाय’ म्हणायचे, की चूक होत नसे. मन ठिकाणावर असले, तर होत नसे.

प्रत केली त्या सकाळी मामांनी लिहायला बसण्यापूर्वी सहज सांगितले होते, “आजपासून तुझा चेहराही दिसत नाही रे. नुसता उजेड दिसतो, तुझ्या आकाराचा.” आणि मग लगेच, “चल, घे लिहायला.” मी लिहू लागलो. काय लिहीत होतो, ते मला दिसत नव्हते.

“त्यांनी ताईकडून आकडा ऐकला,” बाई म्हणाल्या, “आणि चूक कोणाची ते त्यांना त्याच क्षणी कळलं. तुम्हाला पाटीवर शिकवणारे तेच, तुमच्या मामींनी सांगितलं. पहाटे येऊन पुरावा फाडला. फाडणं जमलं, फेकणं जमलं नाही. आयुष्यभर ज्याने एक कागद हरवू दिला नाही, त्याने तो घडी घालून खिशात ठेवला. मग छेद आपल्या नावावर घेतला, पत्रक मागे घ्यायला लिहिलं. तेवढ्याने हृदय दमलं.”

“ते मला वाचवत होते.”

“हो. आणि ते अजूनही वाचवू शकतात.” बाईंनी पिशवीतून शुद्धिपत्राचे प्रुफ काढले. ‘६९ ऐवजी ५९ वाचावे. कारण:’ आणि पुढे कोरी जागा. “हे पान पुन्हा चष्म्याच्या घरात ठेवलंत, तर साहेबांची ओळ छापली जाईल. तुमची नोकरी राहील, फळीवरचं नाव जाईल. मामांची इच्छा तीच होती. मामींची वेगळी आहे. दोन्ही राहणार नाहीत.”

“तुम्हीच लिहा ना. तुम्हाला सगळं माहीत आहे.”

“मी प्रुफं तपासते, भाचेबुवा. मजकूर लिहिणं माझं काम नाही.” त्या उठल्या. दारात सुतार आला होता, हातात पटाशी घेऊन. बाईंनी त्याला बाकावर बसायला सांगितले. “थांबा हो जरा. अजून मजकूर यायचाय.”

मी मामांच्या खुर्चीसमोर माझ्या खुर्चीत बसलो. खिडकीबाहेर धुराड्यावर पक्षी तसेच बसले होते. उजेड लाटांच्या तावदानातून आत आला, टेबलाच्या डाव्या कडेशी थबकला आणि मग पुढे सरकला. त्याला अडवायला तेथे हात नव्हता. बाराव्या पानावर तो पडला तेव्हा ती चुकलेली खूण मला पहिल्यांदा नीट दिसली. शेवटचा जोर लावून, कोणावर तरी पूर्ण विश्वास ठेवून केलेली. माझ्या आवाजावर.

इतके दिवस मी दोन गोष्टी नाकारत होतो. मामांना दिसत नव्हते, ही एक. ती नाकारणे सोपे होते, कारण त्यांनाही तेच हवे होते. दुसरी मी खिशात घेऊन फिरत होतो, झाकण लावून.

मी लेखणी उचलली. समासात आधी ५ काढला, मग ९; पाहुणा यायचाच होता. खाली ओळ लिहिली. मग रिवाजाप्रमाणे ती मोठ्याने वाचून दाखवली, रिकाम्या खुर्चीला.

“एकोणसत्तर ऐवजी एकोणसाठ वाचावे. कारण: विभागप्रमुखांनी आकडा बरोबर सांगितला होता. लिहिणाऱ्याने चुकीचा लिहिला, आणि चुकीचाच वाचून दाखवला.”

मी थांबलो. खुर्चीतून ‘पुढे’ ऐकू आले नाही. त्या दिवसानंतर ते कधीच ऐकू आले नाही.

ओळ अजून अपुरी होती. बाई प्रुफ घ्यायला हात पुढे करून उभ्या होत्या. मी कागद पुन्हा जवळ ओढला आणि शेवटचे शब्द लिहिले.

लिहिणारा मी होतो.